पाटा तुटतो तेव्हा बिल कुणाच्या नावावर फाटतं?



या महिन्यात विषय जरा जड आहे, म्हणजे शब्दशः जड! ट्रकखाली असतात ते कमानीचे पाटे. इंदूरकरांपैकी निम्म्यांच्या घरी कधी ना कधी ट्रान्सपोर्टचा धंदा होता, त्यामुळे पाटा काय असतो हे सांगायला नको. तरी पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो. मागच्या चाकाजवळ वाकून बघा. एकावर एक रचलेल्या, खाली लहान आणि वर लांब होत जाणाऱ्या पोलादी पट्ट्यांची कमान दिसेल. सगळ्या मालाचं ओझं त्यावर.

मी सातवीत असतानाची गोष्ट. काकांचा एक ट्रक होता. इंदूरहून धुळ्याकडे माल जायचा. एकदा सेंधव्याच्या पुढे, बिजासन घाटात मागच्या डाव्या बाजूचा मुख्य पाटा मधोमध तुटला. उस्तादांनी, म्हणजे आमच्या ड्रायव्हरनी, गाडी कशीबशी कडेला घेतली. माल दोन दिवस उशिरा पोहोचला. काका भडकले. "खड्ड्यात गाडी घालतोस आणि पाटे मी भरू?" म्हणाले आणि उस्तादांच्या पगारातून दीड हजार कापले. पुढच्या दिवाळीआधीच उस्ताद दुसऱ्या गाडीवर गेले.

ट्रान्सपोर्ट नगरात पाटा बदलताना मी काकांबरोबर होतो. कमानीवाल्या मिस्त्रींनी तुटलेला तुकडा उचलून उजेडात धरला. तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग काळपट, तांबूस आणि गुळगुळीत होता. उरलेला चकचकीत, दाणेदार. मिस्त्री एवढंच म्हणाले, "ये तो पुराना टूटा है." काका फोनवर होते. ते वाक्य फक्त मी ऐकलं, आणि मला काहीच कळलं नाही.

कळलं ते बीईच्या तिसऱ्या वर्षी. (हो, मी मेकॅनिकलचा. पोट सॉफ्टवेअरवर भरतं.) धातू एका फटक्यात तुटतोच असं नाही. तो थकतो. एकच ताण लाखो वेळा येत-जात राहिला, की पृष्ठभागावर केसाएवढी चीर पडते. प्रत्येक हिसक्याला ती किंचित पुढे सरकते. उरलेलं पोलाद ओझं पेलेनासं झालं, की मग एके दिवशी 'कडाक्'. काळपट भाग म्हणजे जुनी चीर. तिच्यात पाणी, धूळ आणि गंज आधीच शिरलेला. चकचकीत भाग तेवढा त्या दिवशीचा. जर्मनीतल्या ऑगस्ट व्होलर या रेल्वे अभियंत्यानं आगगाडीच्या आसांवर १८५० आणि १८६० च्या दशकांत हेच वर्षानुवर्षं तपासलं होतं.

मग पाटा टिकतो किती? किलोमीटरमध्ये एकच उत्तर नाही. मोजायचे ते हिसके, आणि प्रत्येक हिसक्याचा ताण. इथे हिशेब फसवा आहे. समजा, ताण वाढला की आयुष्य त्याच्या पाचव्या घातानं घटतं. मग २० टक्के जादा ताणाला आयुष्य ४० टक्क्यांवर येतं आणि दीडपट ताणाला साधारण आठव्या हिश्शावर. नेमका घात पोलादानुसार बदलतो, पण चाल हीच. 'दोन टन जास्त भर, काय होतं' याचं उत्तर आज मिळत नाही, काही महिन्यांनी मिळतं.

ओझं हे एकच कारण नाही. भार आला की कमान सपाट होते आणि पट्टीची वरची बाजू ताणली जाते. म्हणून कारखान्यात त्या बाजूवर बारीक पोलादी गोळ्यांचा मारा करतात. त्यानं पृष्ठभाग आतून दाबलेला राहतो आणि चीर सहज उघडत नाही. गंजाचा एक खड्डा, छिन्नीचा एक घाव, दोन पट्ट्यांमधलं घासणं यानं ते कवच जातं. तुटलेल्या पाट्याला वेल्डिंग केलं, तर उष्णतेनं त्या जागेचं पाणीच उतरतं. जुन्या संचात एकच नवी पट्टी घातली आणि तिचा बाक जुळला नाही, तर भार सारखा वाटला जात नाही.

पण मधोमध, सेंटर बोल्टच्या भोकापाशी तुटला, तर आधी यू-बोल्ट बघावेत. ते घट्ट असतील तर पाट्याचा मधला भाग आसावर आवळलेला राहतो, वाकतच नाही. ढिले झाले, की भोकापाशीच वाकायला लागतो. आणि भोक पडलेली जागा मुळातच कमकुवत. म्हणून नवे यू-बोल्ट बसवले, की गाडी थोडी चालवून ते पुन्हा ठरल्या जोरानं आवळायचे असतात.

हे सगळं मी काकांना उत्साहात सांगितलं. ते काहीच बोलले नाहीत. आठवड्यानं घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "घाटाच्या तीन महिने आधी यू-बोल्ट बदलले होते. पुन्हा आवळायला उस्तादनं अर्धा दिवस मागितला होता. मीच नको म्हटलं. गाडी भरायची होती."

दीड हजार त्यांनी एका ओळखीच्या ड्रायव्हरबरोबर उस्तादांकडे पाठवले. उस्तादांनी ते ठेवून घेतले. बरं केलं.

आमच्या धंद्यातही रात्री सिस्टिम बंद पडली, की शेवटचं बटण दाबणाऱ्याच्या नावावर बिल फाटतं. अशा वेळी मी आधी एकच विचारतो: तुटलेलं तोंड काळं आहे की चकचकीत?

भेटू पुढच्या महिन्यात. तोवर कुणाच्या घरी गाडी असेल, तर लांबच्या फेरीआधी एकदा खाली वाकून बघा. पाटे सरकलेत का, गाडी एका बाजूला झुकलीय का, यू-बोल्टपाशी घासल्याची चमक दिसते का. आणि ड्रायव्हरनं अर्धा दिवस मागितला, तर द्या.