‘सहन कर’ हे औषध नव्हे

मेळघाट व्याघ्र प्रकल्पातील हरिसालच्या वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी २५ मार्च २०२१ रोजी आत्महत्या केली. वरिष्ठांकडून छळ, गरोदरपणात करावी लागलेली जंगलातील पायपीट, त्यानंतरचा गर्भपात आणि तक्रारींची न घेतलेली दखल, असे आरोप त्यांनी मागे ठेवलेल्या पत्रांत होते. पुढे अटक झाली, निलंबन झाले; परंतु जंगल राखणारी एक धडाडीची अधिकारी गेली ती गेलीच.

दडपलेली तक्रार शरीरातून बोलते. उडालेली झोप, छातीतील धडधड, वाढता रक्तदाब, आम्लपित्त, कामावर निघताना येणारे रडू या तक्रारींमागे पुष्कळदा कार्यालयातील जाच असतो. अशा वेळी ‘सरकारी नोकरी आहे, सहन कर’ हा घरातील सल्ला घातक ठरतो. आधी पूर्ण ऐकून घ्यावे. घटनांची तारीखवार नोंद ठेवण्यास, लेखी तक्रार करून तिची पोच घेण्यास साह्य करावे. ‘जगणे नकोसे झाले’ असे शब्द कानी पडल्यास त्या व्यक्तीस एकटे सोडू नये. त्वरित डॉक्टरांकडे न्यावे. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक अहोरात्र उपलब्ध आहे.

नोकरीपेक्षा माणूस मोठा, हे त्याला प्रथम घरातूनच कळावे.