परदेशातील वीज आणि घरातील गाणी

खान्देशातील पुष्कळ घरांतील एखादा मुलगा किंवा मुलगी आता परदेशी स्थायिक झालेली असते. जळगाव वा धुळ्याचे घर आवरून आई-वडील तिकडे दीर्घ मुक्कामास निघतात, तेव्हा पापड-कुरडयांबरोबर जुना रेकॉर्डप्लेअर किंवा टेपरेकॉर्डरही न्यावा, असे मनात येते. तबकड्या वर्षानुवर्षे जपलेल्या असतात. एखाद्या कॅसेटीत दिवंगत आजीच्या आवाजातील अहिराणी ओव्या असतात, आणि त्या अन्यत्र कुठेही नसतात.

आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्टची आणि ५० हर्ट्झची असते. अमेरिकेत ती १२० व्होल्टची आणि ६० हर्ट्झची. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा दुबई येथे जाणाऱ्यांस केवळ पिन बदलावी लागते. अमेरिकेस जाणाऱ्यांचे तेवढ्याने भागत नाही. बाजारात मिळणारा छोटा अडॅप्टर पिनेचा आकार बदलतो, विजेचा दाब नव्हे. घरातील स्टॅबिलायझरही तेथे निरुपयोगी. कमी-जास्त होणारा आपलाच दाब सावरणे एवढेच त्याचे काम.

येथील यंत्र अमेरिकेत लावल्यास सहसा जळत नाही. ते मलूल चालते किंवा चालतच नाही. धोका उलट दिशेने आहे. मुलाने तिकडून आणलेला १२० व्होल्टचा अ‍ॅम्प्लिफायर जळगावच्या सॉकेटला थेट जोडला, तर त्यातील ट्रान्सफॉर्मर क्षणात जळू शकतो. म्हणून यंत्रामागील पाटी आधी वाचावी. ‘१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असे लिहिले असेल, तर चिंता नाही. काही जुन्या यंत्रांना मागे दाब निवडण्याची खटकी असते. ती यंत्र जोडण्यापूर्वीच फिरवावी. यांपैकी काहीच नसेल, तर दाब चढवणारा किंवा उतरवणारा ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो, आणि त्याची क्षमता पाटीवरील वॅटच्या दीडपट-दुप्पट असावी. तांबे-लोखंडाचे हे वजन विमानाने नेण्यापेक्षा तिकडेच विकत घेणे शहाणपणाचे.

मात्र ट्रान्सफॉर्मर दाब बदलतो, हर्ट्झ बदलत नाही, आणि रेकॉर्डप्लेअरची खरी अडचण येथेच आहे. अनेक जुन्या रेकॉर्डप्लेअरची मोटर विजेच्या आंदोलनांशी ताल धरून फिरते. मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी तबकडी ६० हर्ट्झवर ४० फेरे घेऊ लागते. वीस मिनिटांची बाजू सतरा मिनिटांच्या आतच संपते. काळी एकमध्ये गायलेले पद पांढरी तीनच्या जवळपास ऐकू येते. गायक ओळखू येतो, पण आवाज त्याचा वाटत नाही. काही कंपन्या ६० हर्ट्झसाठी वेगळ्या मापाची पुली देत असत. ती मिळाली, तरच असा रेकॉर्डप्लेअर न्यावा. डीसी मोटर असलेल्यास ही बाधा नाही. जपानची गंमत याहून मोठी : दाब सर्वत्र १०० व्होल्ट, पण टोकियोत ५० हर्ट्झ आणि ओसाकात ६०. तेथे गाव बदलले तरी जुन्या तबकडीचा सूर बदलू शकतो.

कॅसेटचे यंत्र बहुधा डीसी मोटरवर चालते, त्यामुळे हर्ट्झचा प्रश्न तेथे सहसा उद्भवत नाही. त्याच्या बेल्टचे वयच अधिक त्रास देते; बेल्ट सैल झाला की टेप हळू चालते. म्हणून आजीच्या ओव्यांसाठी यंत्र वाहून नेण्यापेक्षा, प्रवासापूर्वी गोलाणी मार्केटमध्ये किंवा अन्यत्र जाणकाराकडून बेल्ट बदलून घ्यावा आणि कॅसेटीची डिजिटल प्रत करवून घ्यावी. मूळ कॅसेट स्पीकरच्या चुंबकापासून दूर, गावीच ठेवावी. आणि प्रत करताना आजीला प्रत्यक्ष ऐकलेले कोणी शेजारी बसवावे. वेग बरोबर आहे की नाही, हे मीटरआधी त्यालाच कळेल. आणि अशी माणसे आता गावात थोडीच उरली आहेत.