गिटार हाती देण्यापूर्वी

गेल्या वर्षी दिल्लीतील एका महाविद्यालयाच्या वसतिगृहात नवागतांच्या स्वागत समारंभाला पाहुणा म्हणून जाण्याचा योग आला. कार्यक्रम रंगात आला असता संयोजकांनी इम्फाळहून आलेल्या एका विद्यार्थ्याला मंचावर बोलावले, त्याच्या हाती गिटार दिली आणि ‘रॉक’ ऐकवण्याची फर्माईश केली. त्याला गिटार येत नव्हती. तो ओशाळून हसला, सभागृहही हसले. त्या हसण्यात द्वेष नव्हता. आपण याला सामावून घेत आहोत, अशीच सर्वांची भावना होती. जेवताना तो माझ्या शेजारी बसला, तेव्हा कळले की त्याचे आजोबा नटसंकीर्तनात ‘पुंग’ हे तालवाद्य वाजवत आणि तोही ते लहानपणापासून शिकला आहे. मणिपुरी वैष्णवांची ही परंपरा २०१३ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाली. महाविद्यालयात मात्र त्याला त्याविषयी कोणी विचारले नव्हते.

मला माझे विद्यार्थिदशेतील दिवस आठवले. १९८०च्या सुमारास बिहारमधील एका लहान गावातून इतिहासाच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी मी दिल्लीत आलो. सोबत एक ट्रान्झिस्टर होता आणि विविध भारतीवर जोपासलेली आवड होती. वसतिगृहात इंग्रजी शाळांतून आलेल्यांचा दबदबा होता. पाश्चात्त्य बँडची नावे ठाऊक असणे ही तिथली अलिखित प्रवेशपरीक्षा. मी ती नावे पाठ केली आणि ट्रान्झिस्टर ट्रंकेच्या तळाशी ठेवून दिला. दोन वर्षांत मित्र पुष्कळ मिळाले. पण मी काय ऐकतो, हे त्यांतील एकालाही ठाऊक नव्हते. तरीही मला आवड लपवून गर्दीत मिसळता आले. चेहऱ्यावरूनच ज्याची आवड ठरवली जाते, त्या मुलाला तेवढीही सोय नाही.

अभिरुचीवरून आपले आणि परके ठरवण्याचा मोह सत्तेलाही आवरलेला नाही. १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियम वर्ज्य केली. भारतीय स्वरांना ती मानवत नाही, असा आक्षेप होता. पुढे माहिती व नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर यांच्या कारकिर्दीत चित्रपटगीतांवर आकाशवाणीची खप्पामर्जी झाली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले आणि १९५७ मध्ये सरकारला विविध भारती सुरू करावी लागली. ज्या हिंदी चित्रपटगीतांना आज आपण सहजपणे ‘राष्ट्रीय’ मानतो, त्यांना घडवणाऱ्यांत त्रिपुराच्या राजघराण्यातील सचिन देव बर्मन अग्रभागी होते. ईशान्येकडील मुलाला ‘तुला हिंदी गाणी कळतात का?’ असे विचारणाऱ्यांना हे ठाऊक असते का?

हा प्रश्न केवळ करमणुकीचा नाही. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत अरुणाचल प्रदेशातील एका तरुण विद्यार्थ्याच्या केसांची टिंगल झाली, वाद पेटला, त्याला मारहाण झाली आणि त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने ईशान्येचा इतिहास व संस्कृती अभ्यासक्रमात आणण्याची शिफारस केली. २०१६ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने रॅगिंगच्या व्याख्येत प्रदेश, भाषा, वंश यांवरून होणारा छळ आणि वगळणूक यांचाही समावेश केला. हे आवश्यकच होते. परंतु प्रशासनात आयुष्य घालवल्यानंतर मला एक गोष्ट उमगली आहे: तक्रार करता येते ती शिवीची, हाती दिलेल्या गिटारीची नव्हे. टिंगल आणि ही फर्माईश यांची तीव्रता एक नाही, हे मान्य. पण समोरच्याविषयी काही जाणून घेण्यापूर्वीच त्याला ओळखल्याची खात्री दोहोंच्या मुळाशी असते.

यावर उपाय करण्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. वसतिगृहाच्या कार्यक्रमात काय सादर करायचे, हे नवागतालाच ठरवू द्यावे. काहीच सादर न करण्याची मुभाही त्याला असावी. इतिहासाच्या वर्गात ईशान्येला परीक्षेपुरत्या टिपणाहून अधिक जागा मिळावी. आणि शेजारच्या खोलीतील मुलाला ‘तू काय ऐकतोस?’ असे विचारून उत्तर ऐकण्याइतका वेळ थांबावे.

निघताना मी त्या विद्यार्थ्याला विचारले, पुंग दिल्लीला आणला आहेस का? तो म्हणाला, “घरीच ठेवला, सर. इथे कोण ऐकणार?” माझा ट्रान्झिस्टर निदान खोलीपर्यंत तरी पोहोचला होता.