आम्हांला अर्धनारीनटेश्वर करू नका

मराठी समीक्षेत ‘शरीर’ हा शब्द हल्ली फार मानाने वावरतो. शोधनिबंधांच्या शीर्षकांत तो असतो, परिसंवादांच्या पत्रिकांवर असतो, आणि एखाद्या कवितासंग्रहाचे परीक्षण त्याच्यावाचून पुरे झाल्याचे आमच्या तरी स्मरणात नाही. शरीराचे राजकारण, शरीराची संहिता, शरीराचा अवकाश. ह्या सगळ्यात टाके कोठे आहेत, असा आमचा साधा प्रश्न आहे. काखेजवळून बाहेर काढलेली नळी, तिच्या टोकाच्या डबीत साठणारे तांबूस पाणी, कुशीवर वळण्याची मनाई, बधिर झालेल्या कातडीखाली मध्येच उठणारी कळ, हे कोठे आहे? संहितेला खाज सुटत नाही. शरीराला सुटते, आणि टाके सुकू लागले म्हणजे तर विचारू नये.

प्रश्न पुस्तकातून सुचलेला नाही. गेल्या उन्हाळ्यात आमच्या छातीवर शस्त्रक्रिया झाली. पुरुषाच्या छातीत वाढलेली स्तनग्रंथी काढून टाकण्याची ही शस्त्रक्रिया; वैद्यकात ह्या स्थितीला गायनेकोमास्टिया म्हणतात. शस्त्रक्रिया नाशिकला झाली आणि पुढचे सहा आठवडे आम्ही लासलगावी आपल्या घरी काढले. त्या काळात भेटीला आलेल्या एका प्राध्यापक मित्राने सारे ऐकून घेतले, क्षणभर डोळे मिटले आणि म्हटले, “म्हणजे तुम्ही अर्धनारीनटेश्वरच होता की!” हा लेख त्या उद्गाराविरुद्ध आहे. मित्राविरुद्ध नाही, ते येताना द्राक्षे घेऊन आले होते.

आधी वस्तुस्थिती सांगतो, कारण ती कोणीच सांगत नाही. ईस्ट्रोजेन हे संप्रेरक पुरुषाच्या शरीरातही असतेच. वयात येताना त्याचे आणि टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण काही काळ डळमळते आणि पुष्कळ मुलांच्या, काही पाहण्यांनुसार तर निम्म्याहून अधिक मुलांच्या, छातीत बोटांना लागेल अशी ग्रंथी वाढते. बहुतेकांची दोन-तीन वर्षांत आपोआप विरते. काहींची विरत नाही. मोठेपणी ती काही औषधांनी, यकृताच्या वा वृषणांच्या विकाराने, तालमीत घेतलेल्या स्टेरॉइडांनीही वाढू शकते. म्हणून डॉक्टर सुरी उचलण्याआधी रक्त तपासतात आणि कोणती औषधे चालू आहेत ते विचारतात. नुसती चरबी असेल तर वजन उतरल्यावर कमी होते. ग्रंथी जोर काढून जात नाही. हे एक वाक्य आम्हांला चौदाव्या वर्षी कोणी सांगितले असते, तर आमच्या आयुष्यातले कित्येक हजार जोर वाचले असते.

ह्या स्थितीचे नावच पाहा. ग्रीक वैद्य गॅलेन ह्याच्याकडून आलेल्या ह्या शब्दाचे दोन तुकडे आहेत: ‘बाई’ आणि ‘स्तन’. म्हणजे निदानातच टोमणा आहे. सातव्या शतकातल्या पॉल ऑफ एजिना ह्या वैद्याने ही शस्त्रक्रिया लिहून ठेवली, ती कशासाठी करावी ह्याचे कारणही दिले: ह्या व्यंगाला बायकीपणाचा बोल लागतो, म्हणून. दुखते म्हणून नव्हे. तेराशे वर्षे उलटली तरी आमच्या शाळेच्या मैदानावर ‘बायल्या’ हा शब्द त्याच कारणासाठी वापरला जात होता. गॅलेनचे नावही तेथे कोणाला ठाऊक नव्हते.

आता लासलगाव. ज्यांना हे गाव फक्त कांद्याच्या भावाच्या बातमीतून माहीत आहे, त्यांना येथील उन्हाळ्याची कल्पना यायची नाही. एप्रिल-मे म्हणजे उन्हाळ कांद्याची काढणी. पात कापायची, कांदा निवडायचा, चाळीत भरायचा. बाजार समितीच्या आवारात ट्रॉल्यांच्या रांगा, लिलाव, तोलाई, हमाली. ह्या दिवसांत गावातला प्रत्येक धडधाकट पुरुष काही ना काही उचलत असतो, आणि बहुधा बनियनवर किंवा उघड्या अंगाने. उघडी छाती येथे कवितेतली प्रतिमा नाही, कामाचा पोशाख आहे. आम्ही मात्र विसाव्या वर्षीही चाळीत सदरा घालून उतरत होतो. घामाने तो अंगाला चिकटे, म्हणून आत जाड बनियन; आणि खांदे पुढे ओढून चालण्याची अशी सवय जडलेली की आजही आरशात आम्ही अर्धे वाकलेलेच दिसतो. ग्रंथी काढल्यावर खांदे आपोआप मागे जातात असे कोणी समजू नये.

अशा गावात, अशा महिन्यात, तरणाताठा माणूस ओट्यावर नुसता बसून आहे. हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, पाण्याची कळशीसुद्धा उचलायची नाही, आणि छातीभोवती चोवीस तास आवळलेला पट्टा. दुकानातल्या खोक्यावर त्याला कॉम्प्रेशन व्हेस्ट म्हणतात. घरात तो पहिल्या दिवसापासून ‘पट्टा’ झाला. कातडीखाली रक्त-पाणी साठू नये आणि सैल झालेली कातडी खाली नीट चिकटावी म्हणून तो घालायचा असतो. चाळिशीला टेकलेल्या उन्हात त्याच्या आत काय होते ते वर्णन करण्यासाठी आम्ही मराठी गद्याची पुष्कळ पाने आठवून पाहिली. घामोळ्यांना साहित्यात स्थान नाही.

लोक विचारणारच. आईने पहिल्या दिवशी सांगितले, “गाठ काढली.” खोटे नव्हते. पण मराठीत ‘गाठ’ ह्या शब्दाला एकच सावली आहे. संध्याकाळपर्यंत ओट्यावर माणसे जमली, एका आत्याबाईंनी पदर डोळ्यांना लावला, आणि आमच्या वडिलांना कोणीतरी हळूच मुंबईच्या मोठ्या इस्पितळाचे नाव सुचवले. मग ती भीती निवारण्यासाठी दुसऱ्या दिवशी ‘हर्निया’ झाला. हर्नियाचा पट्टा छातीला कसा, असे कोणी विचारले नाही, हे लोकांचे सौजन्य. आम्ही आत पडून ऐकत होतो. कर्करोग सांगता येतो, हर्निया सांगता येतो, पण जे झाले त्याला भाषेत वाक्य नाही, ही गोष्ट त्या दुपारी आम्हांला कळली.

बरे होण्याची चाल सरळ नसते. पहिल्या आठवड्यात सूज इतकी की छाती होती तशीच दिसते. एवढे करून काहीच झाले नाही, ह्या विचाराने रात्री उठून बसावेसे वाटते आणि हातांचा आधार न घेता उठता येत नाही. जखमेच्या आसपासचे निळे-काळे डाग हळूहळू पोटाकडे उतरतात आणि पिवळे पडतात. स्तनाग्राभोवतीच्या काळसर कडेवर अर्धचंद्राकार छेद असतो. त्याच्याखाली बोट लावले तर ते परक्या वस्तूला लावल्यासारखे वाटते. संवेदना काही महिन्यांनी येते, कधी पुरती येत नाही. ह्यात मोक्ष नाही, दोन तत्त्वांचे मीलन नाही. मळमळ आहे, बद्धकोष्ठता आहे, आणि काढलेल्या ग्रंथीचा तपासणी-अहवाल येईपर्यंतचे आठ दिवस आहेत.

ह्या माणसाला अर्धनारीनटेश्वर म्हणणे म्हणजे त्याच्या पट्ट्यावरून शाल पांघरणे होय. सुसान सोन्टॅगने १९७८ साली आजाराच्या रूपकांवर पुस्तक लिहून रूपक रोग्याचे काय करते ते दाखवून दिले. आपण ते अभ्यासक्रमाला लावतो, टिपणे काढतो आणि वर्गाबाहेर पडताच पुन्हा रूपक करू लागतो.

आमच्या मित्राचे दुसरे वाक्य बालगंधर्वांविषयी होते. ते यायचेच होते. पुरुषदेहातले स्त्रीरूप ह्या समाजाने डोक्यावर घेतले, असे सांगून आम्हांला धीर देण्याचा त्यांचा हेतू. पण नारायण श्रीपाद राजहंस ‘मानापमाना’तली भामिनी झाले, ‘एकच प्याला’तली सिंधू झाले, ते स्वतःच्या इच्छेने, कलेच्या बळावर, आणि पडदा पडल्यावर परत येण्याची वाट मोकळी ठेवून. चौथ्या तासाला गणिताच्या वर्गात बसलेल्या मुलाला पडदा नसतो. दाखला द्यायचाच तर आनंद यादवांच्या ‘नटरंग’चा द्यावा. पिळदार अंगाच्या गुणाला राजा व्हायचे होते, फडाच्या गरजेपायी तो नाच्या झाला, आणि मग गावाने त्याचे काय केले? रवि जाधवांचा चित्रपट २०१० साली आला तेव्हा अतुल कुलकर्णींनी शरीर कमावून पुन्हा कसे उतरवले ह्याचीच चर्चा महाराष्ट्रभर झाली. नटाच्या शरीराचे कौतुक झाले, नाच्याच्या शरीराचे दुखणे तेथेच राहिले. सतीश आळेकरांच्या ‘बेगम बर्वे’वर आजवर जे लिहिले गेले त्यातही बर्व्याच्या देहापेक्षा त्याचे प्रतीकत्वच जास्त जागा अडवून बसले आहे, असे आम्हांला वाटते. कोणाला हे मत उद्धट वाटेल. वाटो.

मराठीत देह लिहिलाच गेला नाही, असे आमचे म्हणणे नाही. ‘बलुतं’ने (१९७८) भुकेचा देह लिहिला. मल्लिका अमर शेख, बेबी कांबळे, ऊर्मिला पवार ह्यांनी बाईच्या शरीराला काय काय सोसावे लागते ते न लाजता मांडले, आणि त्याची किंमत मोजली. मध्यमवर्गीय मराठी पुरुषाचे आत्मपर गद्य मात्र गळ्याच्या खाली उतरत नाही. त्याला विचार असतात, स्मृती असतात, फार तर मूळव्याध असते, तीही विनोदासाठी. आम्ही स्वतः हा सारा मजकूर ‘आम्ही, आम्ही’ म्हणत लिहितो आहोत, ह्यातही थोडा पट्टा आहेच.

एक आक्षेप गंभीर आहे आणि तो आमच्या एका विद्यार्थिनीने घेतला. पुरुषाची छाती सपाटच हवी, हे ठरवले कोणी? त्या ठरावापुढे मान तुकवून तुम्ही सुरीखाली गेलात, मग तक्रार कसली? ऑड्री लॉर्डने स्तन गेल्यावर कृत्रिम स्तन लावायला नकार दिला होता, हेही तिने ऐकवले. आक्षेपातले अर्धे आम्ही मान्य करतो. ही लाज विकणारा एक धंदा उभा आहे, ‘आधी’ आणि ‘नंतर’ची छायाचित्रे दाखवून तो पंधरा-सोळा वर्षांच्या, ज्यांची ग्रंथी आपोआप विरणार आहे अशा मुलांनाही गाठतो, आणि त्याच्याविरुद्ध लिहिले पाहिजे. पण नकार देण्याचे धैर्य दुसऱ्याच्या शरीराकडून मागू नये. लॉर्डने स्वतःच्या छातीचा निर्णय स्वतः घेतला आणि तो लिहिला. आम्हीही तेवढेच करतो आहोत. आमचा निर्णय निराळा आहे, एवढेच.

शिवाय ह्या मुकेपणाची किंमत केवळ मनस्ताप नाही. स्तनाचा कर्करोग पुरुषालाही होतो. एकूण स्तनकर्करोगांत त्याचे प्रमाण सुमारे १ टक्का. छातीतली गाठ दाखवायला लाजणारा पुरुष डॉक्टरकडे उशिरा पोचतो. र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवले, त्यात वाचकांच्या शरीराविषयीच्या प्रश्नांना छापून उत्तरे दिली आणि त्यापायी खटले सोसले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. साध्या मराठीत शरीराचे उत्तर देता येते, हे त्या मासिकाने दाखवले होते. कर्व्यांवर आज प्रबंध होतात. त्यांना पत्र लिहिणाऱ्या त्या वाचकाला आज कोणते मराठी वाङ्मयीन नियतकालिक जागा देईल?

आमचा अहवाल निर्दोष आला. सहाव्या आठवड्याच्या शेवटी पट्टा सुटला. आईने तो साबणाच्या पाण्यात भिजवला, चोळला आणि अंगणातल्या दोरीवर, सर्वांना दिसेल असा, वाळत घातला. शेजारच्या काकू कांदे निवडता निवडता थांबल्या आणि म्हणाल्या, “हे गं काय?” आम्ही हर्नियाची वाट पाहत राहिलो.

“पट्टा आहे,” आई म्हणाली. “ह्याच्या छातीचं ऑपरेशन झालं ना. बायकांसारखी वाढली होती छाती, ती काढली.”

काकूंनी पट्ट्याकडे नीट पाहिले. “उन्हात नको घालूस,” त्या म्हणाल्या. “इलॅस्टिक जातं.”