लेखणीची मजुरी

गेल्या पौर्णिमेला वंदना आटोपून आम्ही विहाराच्या पायऱ्या उतरत होतो, तोच एका गृहस्थांनी जयभीम घालून थांबवले. बेस्टमध्ये कंडक्टरची नोकरी करून निवृत्त झालेले. सोबत त्यांची मुलगी. मराठी घेऊन एम. ए. झालेली. एका कचेरीत टायपिंगचे काम होते, ते तिने सोडले.

"दादा, ही म्हणते, आता लिहूनच पोट भरणार. तुम्हीच सांगा हिला. लिहून कुणाचं पोट भरलंय?"

मुलीच्या हातात कापडी पिशवी होती. पिशवीत तिचे छापून आलेले चौदा लेख. आम्ही विचारले, "यातल्या किती लेखांचे पैसे मिळाले?"

"दोन लेखांचे, काका. बाकीचे समाजाचं काम म्हणून दिले."

वाचक बंधू-भगिनींनो, या एका उत्तरावर पायरीवरच तासभर बोलणे झाले. ते सर्वांच्या उपयोगाचे आहे म्हणून यावेळचे सदर त्यालाच दिले आहे.

बापाची शंका खोटी नव्हती. अण्णा भाऊ साठे यांच्या 'फकिरा'ला १९६१ साली राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. ती कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली होती. एवढे मोठे लेखक १८ जुलै १९६९ रोजी गरिबीतच गेले. दया पवार रेल्वेच्या नोकरीत होते. ऊर्मिला पवार सार्वजनिक बांधकाम खात्यात होत्या. बेबीताई कांबळे यांनी तर फलटणला आपल्या दुकानात बसून, घरच्यांपासून कागद लपवत लिहिले. 'जिणं आमुचं' पुस्तकरूपाने आले १९८६ साली. आपल्या बहुतेक लेखकांची चूल लेखणीवर पेटलेली नाही, हे मुलीपासून लपवायचे कशाला? म्हणून आम्ही तिला पहिली गोष्ट ही सांगितली की, टायपिंगचे काम अर्धवेळ मिळत असेल तर वर्षभर सोडू नकोस.

पण बारा लेख फुकट गेले, ते आम्हाला खुपले. 'समाजाचं काम' हे शब्द फार मोठे आहेत, आणि मोठ्या शब्दांआड लबाडीही लपते. आपल्या आज्या-पणज्यांनी गावकीची कामे केली. सांगावा पोचवला, सारा वसुलीला माणसे बोलावली, मेलेली ढोरे ओढली. मोबदला काय, तर मर्जी होईल तेव्हा बलुते आणि शिळी भाकर. त्या महारकीच्या वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बिल आणले. वतन कायद्याने गेले ते थेट १९५८ साली. वेठ म्हणजे काय हे ज्या घरांना सांगावे लागत नाही, त्या घरातल्या मुलीने न ठरवता, न विचारता, कुणाच्याही सांगण्यावरून राबावे हे बरे नव्हे.

यावर कुणी म्हणेल, बाबासाहेबांनी कुठे पैसे घेतले? खरे आहे. ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' सुरू केले आणि त्याचे चोवीस-चोवीस रकाने एकट्याने लिहून काढले, मोबदला न घेता. पण त्याच काळात ते वकिली करीत होते, एका संस्थेत व्यापारी कायदा शिकवीत होते. पोट तिथे भरत होते. लेखणी त्यांनी आपल्या मर्जीने, आपल्या कमाईतून दिली. त्याला दान म्हणतात. मागणाऱ्याने आधीच धरून ठेवलेले, नाही म्हटले तर तोंड वाकडे होणारे, ते दान नाही.

आणि मागणारे परके असतात असेही नाही. जयंती मंडळाची जमाखर्चाची वही उघडून पाहा. मंडपवाल्याला आगाऊ रक्कम, साउंडवाल्याला रोख, बॅनर छापणाऱ्याला बिलाप्रमाणे. स्मरणिकेसाठी आठ रात्री जागून लेख लिहिणाऱ्याला शाल आणि पुष्पगुच्छ. शाल आमच्या घरी आता अकरा झाल्या. (हे सदर आम्ही धम्मदान म्हणून लिहितो, हेही सांगून टाकतो. संपादकांनी शाल दिलेली नाही.)

तेव्हा मुलीला आम्ही एक वही करायला सांगितले. रकाने असे: काम कोणाचे, किती शब्द, ठरलेला दर, दिले त्याची तारीख, पैसे आले त्याची तारीख. फुकट दिलेले कामही त्याच वहीत, त्याची रक्कम मांडून, पुढे 'दान' असे लिहायचे. महिन्यातून एक काम दान, त्याहून जास्त नाही. शिंप्याकडे कापड टाकताना आपण शिलाई विचारतोच, त्यात शिंप्याला लाज वाटत नाही. लिहिणाऱ्याला का वाटावी?

आता कामे कोणती? कथा-कवितांवर घर चालत नाही. अनुवाद, मुद्रितशोधन, शाळेच्या पूरक पुस्तिका, संस्थांची माहितीपत्रके, ऐकण्याच्या पुस्तकांचे लेखन, वृद्ध माणसांच्या आठवणींचे शब्दांकन, यांवर चालते. हिशेब सोपा आहे. समजा अनुवादाला शब्दामागे १ रुपया ठरला आणि दिवसाला १,५०० शब्द नीट झाले. महिन्यात लिहायचे दिवस अठराच धरा, कारण बाकीचे दिवस काम शोधण्यात, दुरुस्त्यांत आणि पैशांसाठी फोन करण्यात जातात. झाले २७,०००. पण ते पुढच्या महिन्यात हाती येत नाहीत. दोन-दोन, तीन-तीन महिने लागतात. म्हणून घरखर्चाचे सहा महिन्यांचे पैसे भिशीत, पोस्टात, कुठे तरी बाजूला पडले की मगच नोकरी सोडावी. अलीकडे यंत्राने केलेले मराठी सुधारून द्या, दर निम्मा, असेही सांगतात. ते सुधारायला मुळातून लिहिण्याइतकाच वेळ जातो. आम्ही त्याला तासाचा दर सांगतो. कुणाला पटतो, कुणाला नाही.

लेखी घेणे ही दुसरी गोष्ट. इथे आमचीच फजिती सांगतो. १९९८ साली एका प्रकाशकाला आम्ही मुलांसाठी चौसष्ट पानांची एक चरित्रपुस्तिका लिहून दिली. तीन हजार रुपये हातावर ठेवले आणि 'सर्व हक्कांसह' अशा चिठ्ठीवर सही घेतली. आम्ही वाचलीही नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी ६ डिसेंबरला शिवाजी पार्कच्या स्टॉलवर तीच पुस्तिका दिसली. पाचवी आवृत्ती. आम्ही पैसे देऊन आमचेच पुस्तक विकत घेतले. विकणाऱ्या पोराने दहा टक्के सूट दिली, तेवढाच काय तो आमचा मानधनाचा हप्ता. नंतर एका वकील बंधूंनी ती चिठ्ठी पाहून कपाळाला हात लावला. कॉपीराइटच्या कायद्यात म्हणे, हक्क लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तो पाचच वर्षांसाठी दिला असे धरतात. आमच्या चिठ्ठीत मुदत नव्हती. हक्क केव्हाच आमच्याकडे परत आला होता आणि आम्हाला पत्ता नव्हता. घरच्या लोकांना हेही माहीत असावे की, लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हा हक्क वारसांचा असतो. सातबारा जपतो तशी ती चिठ्ठी जपावी.

पैसे देताना मोठ्या संस्था दहा टक्के कर कापतात. मुलीला ती फसवणूक वाटली होती. उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरल्यावर ती रक्कम परत मिळते. मात्र पॅन दिला नसेल तर वीस टक्के जातात. 'उद्यम' नोंदणी सरकारकडे फुकट होते. ती असली की घेणाऱ्याने जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर व्याज, असा कायदा आहे. बिलावर नोंदणी क्रमांक छापला की फोनवरचा आवाज थोडा मऊ होतो, हा आमचा अनुभव.

उठता उठता मुलीने खरा प्रश्न विचारला. "काका, मला एकांनी दर आठवड्याचं राशिभविष्य लिहायला सांगितलंय. चार ओळी, बारा राशी. पैसे वेळेवर देतात."

आम्हीही या प्रश्नातून गेलो आहोत. असेच काम आमच्याकडे आले तेव्हा दुधाचे दोन महिन्यांचे बिल थकले होते. आम्ही नाही म्हटले. घरातून कुणी काही बोलले नाही, पण आठवडाभर चहा कोरा आला. तथागतांनी सम्यक आजीविका आठ अंगांत घातली, १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. पहाटे त्या म्हणायच्या आणि दुपारी मेष राशीला धनलाभ लिहायचा, हे आम्हाला जमले नाही. कुणा कामगाराने ते वाचून लॉटरीचे तिकीट काढले तर? पण आमचा एक मित्र पौराणिक मालिकेचे संवाद लिहितो. घरी आजारी आई आहे. त्याला आम्ही नावे ठेवत नाही, आणि ठेवणाऱ्यांच्या पंगतीला बसतही नाही.

मुलीला आम्ही हो किंवा नाही सांगितले नाही. तिच्या वडिलांनीच विचारले, "किती देतात गं?" तिने आकडा सांगितला. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "माझी पेन्शन आहे. ते नको घेऊस."

परवा तिचा फोन आला. एका संस्थेचे आरोग्यपुस्तिकेच्या अनुवादाचे काम मिळाले, दर लेखी घेतला, काम वेळेत दिले. वही वडीलच मांडतात, तिकिटांचा हिशेब ठेवायची सवय आहे त्यांना. शेवटचा रकाना अजून कोरा आहे. आज एकतिसावा दिवस.