रेडकाचा हिशेब



"आपण शाकाहारी, आपल्या हातून हिंसा नाही," हे वाक्य आपल्याकडे सारखं ऐकू येतं. समोर कुणी मटण खाणारं असेल तर जरा जास्तच जोरात. मला आज मांसावर नाही, दुधावर बोलायचं आहे.

म्हैस व्यायल्याशिवाय दूध देत नाही. म्हणून तिला पुन्हा पुन्हा गाभण ठेवावं लागतं, आणि साधारण निम्मी रेडकं नर होतात. पारडी झाली तर ती उद्याची म्हैस, तिला जपतात. रेडा झाला तर? शेतात आता ट्रॅक्टर आहे. त्याने प्यायलेलं दूध म्हणजे गवळ्याचं नुकसान. मग पान्हा सुटण्यापुरतं त्याला सडाला लावायचं आणि ओढून बाजूला बांधायचं. कित्येक रेडकं अशी खंगूनच मरतात. जगलेली, आणि आटलेल्या म्हशीही, शेवटी खाटकाकडे जातात. आपल्या राज्यात गाईंच्या कत्तलीला बंदी होतीच, २०१५ पासून बैलांनाही ती लागू झाली. म्हशी-रेड्यांना नाही. जगात सर्वांत जास्त दूध आपल्या देशात होतं, आणि म्हशीचं मांस परदेशी पाठवणाऱ्या मोठ्या देशांतही आपलं नाव आहे. या दोन गोष्टी एकाच गोठ्यातून निघतात.

बी.कॉम.ला कॉस्टिंगमध्ये जॉइंट प्रॉडक्ट शिकवायचे. एका कामातून दोन माल निघाले तर खर्च दोघांवर वाटायचा. आटलेली म्हैस विकून आलेले पैसे गवळी नव्या म्हशीत घालतो. म्हणजे खाटकाने दिलेले पैसे आपल्या रतिबाच्या दरातून आधीच वजा झालेले असतात! वही अशी मांडली की "आमचा काय संबंध" म्हणायला जागा उरत नाही.

आणि शास्त्र? तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. पाचवा म्हणजे जिवाचं खाणंपिणं अडवणं. सडावरून ओढलेलं रेडकू यात कसं बसत नाही, ते कुणी मला समजावून सांगावं. आपण स्वतः ओढत नाही, हे खरं. पण कृत, कारित, अनुमोदना हे आपण पाठशाळेपासून म्हणत आलोय.

"महाराजही आहारात दूध घेतात," असं लगेच कुणी म्हणेल. घेतात. पण ती रीत गोठा घरामागे होता तेव्हाची. वासराचं पोट भरलं की नाही, ते घरातल्या बाईला दिसायचं. पिशवीतल्या दुधात ते दिसत नाही. आणि रसपरित्यागात सोडायच्या रसांमध्ये दूध, दही, तूप आहेतच की.

दूध सगळ्यांनी आजच सोडा, असं मी म्हणत नाही. घरात लहान मुलं असतात, म्हातारी माणसं असतात. पण अभिषेकाला लिटरच्या लिटर दूध कशाला? तेरापंथी मंदिरांत शुद्ध जलाने होतोच ना? (बीसपंथी मैत्रिणी रागावतील, रागवा.) आणि ज्यांच्याकडे अजून गवळी येतो, त्यांनी त्याला विचारावं, एक सड रेडकाला सोडतोस का? सोडत असेल तर लिटरमागे चार रुपये जास्त द्यावेत. आपण श्रीखंडाच्या केशराला त्याहून जास्त घालवतो.

दशलक्षणात जीवदयेसाठी जमणाऱ्या पैशांतला काही भाग रेड्यांच्या चाऱ्याला ठेवावा, असं मी आमच्या महिला मंडळात मांडणार आहे. गाय दत्तक घ्यायला लोक पुढे येतात. रेडा कोण घेतंय, बघू.