रेडिएशनमुळे की योगायोग? आधी कागद तर दाखवा!

लहानपणी ब्लड कॅन्सर झाला, डोक्याला रेडिएशन दिलं, पोरगं वाचलं. पंचवीस वर्षांनी त्याच डोक्यात वेगळीच गाठ निघाली. ही रेडिएशनमुळे आली की योगायोग?

एका माणसापुरतं याचं छातीठोक उत्तर देता येत नाही. गाठीवर कारणाचा शिक्का नसतो. मेनिन्जिओमा आयुष्यात कधी रेडिएशन न घेतलेल्यांनाही होतो. म्हणून डॉक्टर काही गोष्टी ताडून बघतात. गाठ रेडिएशन दिलेल्या भागातच आहे का? मध्ये बरीच वर्षं गेलीत का? ती आधीच्या आजाराहून वेगळ्या प्रकारची आहे का? घराण्यात कॅन्सरचा अनुवंशिक दोष आहे का?

पण हजारो माणसं एकत्र बघितली की योगायोगाची सबब टिकत नाही. इस्रायलमध्ये १९५०च्या आसपास हजारो मुलांच्या डोक्यावरचं गजकर्ण एक्स-रे देऊन बरं करत. त्यातल्या जवळपास ११ हजार मुलांची तुलना रेडिएशन न घेतलेल्या मुलांशी, अगदी त्यांच्या सख्ख्या भावंडांशीही केली. १९८८ साली निष्कर्ष आला: मेंदू आणि मज्जासंस्थेच्या गाठी सुमारे सातपट. आणि हा डोस कॅन्सरच्या उपचारापेक्षा कितीतरी कमी होता! १९९४मध्ये तिथल्या सरकारने भरपाईचा कायदा केला.

म्हणून काय रेडिएशन घ्यायचंच नाही? अजिबात नाही! सातपट ऐकायला भयंकर वाटतं, पण मुळात धोका फार थोडा, त्याच्या सातपट. रेडिएशन घेतलेल्या बहुतेकांना अशी गाठ होत नाही. आणि तेव्हा ते दिलं नसतं तर कित्येक मुलं आज नसती. डॉक्टरही शिकले. ब्लड कॅन्सरच्या बहुतेक मुलांना आता डोक्याला रेडिएशन देत नाहीत, पाठीच्या मणक्यातून औषध देतात.

माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. माझ्या मावसभावाला अशी गाठ निघाली. डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा डोस किती होता, कुठल्या भागाला दिला? जुन्या हॉस्पिटलात फाईल मागायला गेलो, तर खिडकीवरून उत्तर आलं, "एवढं जुनं कुठलं मिळणार? रद्दीत गेलं असेल."

आणि नियमाने यात काही चूकही नाही! मेडिकल कौन्सिलच्या २००२च्या नियमांप्रमाणे डॉक्टरने दाखल पेशंटचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायचे. गाठ येते दहा, वीस, तीस वर्षांनी. कागद जातो तीन वर्षांत. मग योगायोग की आणखी काही, हे ठरवणार कशावरून?

मुंबईच्या टाटा हॉस्पिटलमध्ये उपचार संपलेल्या मुलांसाठी १९९१पासून वेगळं क्लिनिक चालतं. तसं जिल्ह्याजिल्ह्यात कधी होईल तेव्हा होवो. पण रेडिएशन संपल्यावर डोस, भाग, तारखा आणि औषधं लिहिलेलं एक पान प्रत्येक पेशंटच्या हातात द्यायला कुठलं बजेट लागतं? आणि ही नोंद कायमची ठेवायची सक्ती सरकारने केलीच पाहिजे.

तोवर आपणच शहाणं व्हायचं. घरात कोणाचं रेडिएशन चालू असेल किंवा नुकतंच झालं असेल, तर आजच लेखी अर्ज करा. मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यायचे, असं तोच नियम सांगतो. ते पान रेशनकार्डासारखं जपा. मूल मोठं झालं की त्याच्या हातात द्या, आणि ते का जपायचं हेही समजावून सांगा.